साहेब चांगले आहेत, पण कलम कुठे आहे? ग्रह महासंघाच्या परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य, ग्रह महासंघ परिषद, सॅन फ्रान्सिस्को, पृथ्वी.
प्रत माहितीसाठी : मा. राष्ट्राध्यक्ष, ग्रह महासंघ, पॅरिस.

विषय : डोर्व्हान-५ येथील रहिवाशांची फेटाळलेली हरकत आणि त्या निमित्ताने सनदेत करावयाची दुरुस्ती.

सन्माननीय सदस्यहो,

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. माझ्याकडची निम्म्याहून जास्त कामं धरणात जमिनी गेलेल्यांची असतात. वाढीव मोबदल्याचे दावे, पर्यायी जमिनीचे अर्ज, प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी हेलपाटे. त्यामुळे रात्री घरी ‘स्टार ट्रेक’ ही तुमच्यावरची अमेरिकन मालिका लावली की बाकीचे यानं आणि परग्रहवासी बघतात आणि माझं लक्ष कागदांकडे जातं. हा आदेश कुणी काढला? कुठल्या अधिकारात? नोटीस बजावली का? अपील कुणाकडे करायचं? इतक्या वर्षांत यातल्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर तुमच्याकडून मिळालेलं नाही, म्हणून हे पत्र.

तुम्ही काल्पनिक आहात हे मला ठाऊक आहे, ती हरकत कुणी घेऊ नये. महासंघाची स्थापना २१६१ साली व्हायची आहे, म्हणजे सनदेचा मसुदा सुधारायला अजून शंभरावर वर्षं शिल्लक आहेत. आमच्याकडे कायद्यातली चूक दाखवायला माणूस जातो तोवर त्या कायद्याखाली दोन पिढ्या गेलेल्या असतात. मिळालेली संधी सोडू नये.

ज्या वाचकांची आणि तुमची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पृथ्वी, व्हल्कन, अँडोरिया आणि टेलार या चार जगांनी मिळून हा महासंघ काढला. चोविसाव्या शतकात त्याचे दीडशेच्या वर सभासद झाले आणि आठ हजार प्रकाशवर्षांत तो पसरला. परिषद सॅन फ्रान्सिस्कोला, राष्ट्राध्यक्ष पॅरिसला. संरक्षण, संशोधन, राजनीती, झालंच तर पूरग्रस्तांना मदत, हे सगळं स्टारफ्लीट नावाचं एकच खातं बघतं. १९६६ पासून ही गोष्ट टीव्हीवर चालू आहे आणि आमच्या पिढीने ती दूरदर्शनवर पाहिली.

साठ वर्षांत तुमच्या शेकडो यानांचे नकाशे छापून आले. पण परिषदेचा सदस्य निवडून कसा येतो, हे तुम्ही पडद्यावर कधी नीट सांगितलं नाही. एका ग्रहाला एक मत, की लोकसंख्येप्रमाणे? आमच्या राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ सदस्य आहेत आणि गोव्याचा एक. अमेरिकेच्या सिनेटमध्ये मात्र राज्य केवढंही असो, दोनच. दोन्ही पद्धतींवर भांडता येतं, कारण दोन्ही लिहिलेल्या आहेत. तुमच्याकडे भांडायलाही कागद नाही. १९६७ च्या एका भागात कोरिडान या ग्रहाला सभासद करून घ्यायचं की नाही, यासाठी ११४ प्रतिनिधी एका यानातून बेबेल इथल्या बैठकीला निघतात. त्या ग्रहावर यानं चालवायला लागणाऱ्या डायलिथियमच्या खाणी आहेत आणि विरोध करणाऱ्या टेलाराइटांचे तिथे चोरून उत्खननाचे धंदे आहेत. एवढं ओळखीचं राजकारण तुमच्याकडे पुन्हा फारसं दिसलं नाही. वाळूच्या लिलावाच्या दिवशी आमच्या कचेरीबाहेर जो उभा राहिलाय त्याला तो भाग समजावून सांगावा लागणार नाही.

चौथ्या चित्रपटात, म्हणजे १९८६ साली, तुमचं सभागृह दिसलं ते मात्र न्यायालय म्हणून. स्टारफ्लीटचा ऍडमिरल जेम्स कर्क याने यान पळवलं होतं, ते उडवून दिलं होतं, वरिष्ठांचा हुकूम मोडला होता. पण तेवढ्यात त्याने पृथ्वीही वाचवली होती. राष्ट्राध्यक्षांनी भर सभेत एक सोडून बाकी सगळे आरोप काढून टाकले आणि उरलेल्या एकाची शिक्षा म्हणून ऍडमिरलचा पुन्हा कॅप्टन केला, जे त्याला हवंच होतं. सभागृहात टाळ्या. मीही टाळ्या वाजवल्या. आता विचारतो : जी परिषद कायदा करते तीच निकाल देते आणि निकाल वाचून दाखवतो तो कार्यकारी प्रमुख, ही रचना कुणी मंजूर केली? त्या दिवशी आरोपी लाडका होता म्हणून कुणाला खटकलं नाही.

तुमचं जे चांगलं आहे ते आधी सांगतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. बेजोर या ग्रहावर कार्डेशियन या शेजारच्या परग्रहवासी सत्तेचा ताबा येण्याआधी ‘जारा’ नावाची व्यवस्था होती. जन्माने धंदा ठरायचा, कुणी कुणासाठी वाट सोडायची ते ठरायचं, शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण तेही ठरायचं. लढ्याच्या काळात सगळ्यांनाच हत्यार धरावं लागलं, तेव्हा ती मोडली. १९९६ मध्ये दाखवलेल्या एका भागात दोनशे वर्षांपूर्वी हरवलेला एक कवी परत येतो, लोक त्याला देवाचा दूत मानतात आणि तो सांगतो की आपापल्या जारावर परत चला. लोक निघतातही! काल बरोबरीने जेवणारा माणूस आज उठून जागा देतो. एक धर्मगुरू दुसऱ्याला केवळ तो हलक्या कुळातला असून पद सोडत नाही म्हणून ढकलून मारतो. तेव्हा बेजोरजवळच्या तुमच्या अंतराळ स्थानकाचा प्रमुख बेंजामिन सिस्को स्पष्ट सांगतो की जातीवरून भेदभाव महासंघाच्या सनदेत बसत नाही, जारा परत आणलात तर सभासदत्वाचा अर्ज नामंजूर होईल.

हे ऐकताना मी उठून बसलो होतो. महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला माणसं गेली तो रस्ता माझ्या पाहण्यातला आहे. आमच्या संविधानात अस्पृश्यता नष्ट केल्याचं सतरावं कलम आहे आणि ते कशासाठी लागलं हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. आठ हजार प्रकाशवर्षांच्या राज्यात शिरायच्या दारावरच कुणीतरी जात विचारतो आणि ‘असेल तर बाहेर ठेवून या’ म्हणतो, याचं मला मनापासून कौतुक आहे. (पुढे ती भानगड परिषदेने नाही, बेजोरच्या देवांनीच मिटवली, ती गोष्ट निराळी.)

पण नियम दारावरच आहे, घरात नाही. त्याच अंतराळ स्थानकावर तुमचा डॉक्टर ज्युलियन बाशीर काम करतो. तो लहानपणी अभ्यासात फार मागे होता, म्हणून सहा वर्षांचा असताना आईबापांनी त्याला चोरून दुसऱ्या ग्रहावर नेऊन त्याच्या जनुकांत बदल करून घेतले. तुमच्या कायद्याप्रमाणे असा माणूस स्टारफ्लीटमध्ये जाऊ शकत नाही, वैद्यकीही करू शकत नाही. बदल त्याने मागितला नव्हता. सहा वर्षांच्या मुलाची संमती कोण घेतो? १९९७ च्या भागात हे उघडकीला येतं तेव्हा बाप दोन वर्षं तुरुंगात जायचं कबूल करतो आणि मुलाची नोकरी वाचते. ही चक्क तडजोड झाली. आईबापांनी जे केलं त्यावरून मुलाने आयुष्यात काय करायचं हे ठरवणं म्हणजे काय, हे बेजोरवाल्यांनी तुम्हाला उलट विचारायला हवं होतं.

२०२३ मध्ये दाखवलेला ऊना चिन-रायलीचा खटला याहून बोलका आहे. ती इलिरियन. त्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या जनुकीय बदल करून घ्यायची रीत आहे, ते लपवून ती स्टारफ्लीटमध्ये आली. तिची वकील नीरा हिने कायद्यावर सरळ हल्ला चढवला, आणि कोर्टात रोज उभं राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी सांगतो, बाई तयारीने आल्या होत्या. ऊना सुटली. कशावर सुटली? तर तिने आश्रय मागितला होता आणि तिचा कॅप्टन पाईक याला तो द्यायचा अधिकार आहे, या मुद्द्यावर. कायदा जसाच्या तसा राहिला. उद्या दुसरी इलिरियन मुलगी आली आणि तिचा कॅप्टन तितका मोठ्या मनाचा नसला तर? या कायद्याचं मूळ खान नूनियन सिंगच्या भीतीत आहे, जो तुमच्याच इतिहासाप्रमाणे १९९० च्या दशकात पाव जगावर राज्य करत होता आणि बहुधा उत्तर भारतातला होता. आमच्याकडच्या एकाने गोंधळ घातला म्हणून पुढची तीनशे वर्षं सगळ्यांना शिक्षा! असो. आम्ही तो दशक जागेपणी काढला आहे, आमच्या नजरेतून तो निसटला खरा.

आता डोर्व्हान. पत्राचा विषय तोच आहे आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्टही तीच.

२३७० साली तुम्ही कार्डेशियनांशी तह केला. सीमा नव्याने आखली. तुमच्या काही वसाहती त्यांच्या बाजूला गेल्या, त्यांच्या काही तुमच्या बाजूला आल्या. डोर्व्हान-५ वर उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींचे वंशज राहत होते. त्यांचे पूर्वज पृथ्वीवरून निघून दोनशे वर्षं जागा शोधत फिरले आणि वीस वर्षांपूर्वी या ग्रहावर टेकले. आता कॅप्टन पिकार्डला हुकूम आला की गाव उठवा. पिकार्डने कुरकुर केली तेव्हा ऍडमिरल नेचायेव्ह यांनी सांगितलं ते असं की परिषदेच्या चर्चेत त्या लोकांचा एक प्रतिनिधी होता, त्याच्या हरकती नोंदवल्या गेल्या, त्यांवर चर्चा झाली आणि शेवटी त्या फेटाळल्या गेल्या. वर हेही की मुळात ती जागा वादातली होती, त्यांनी तिथे जायलाच नको होतं.

सदस्यहो, हे वाक्य माझ्या टेबलावर दर महिन्याला येतं. आमच्याकडे १८९४ चा भूसंपादन कायदा जवळजवळ एकशे वीस वर्षं चालला. कलम ४ ची अधिसूचना निघायची, मग कलम ५-अ खाली हरकती मागवायच्या. माणूस सकाळच्या पहिल्या एसटीने तालुक्याला यायचा, पिशवीत सातबारा, फेरफाराचा उतारा, आणि वकिलाने लिहून दिलेला दीड पानी अर्ज. साहेब मीटिंगला गेलेले असायचे. दुपारी तीनला पुकारा व्हायचा. ‘काय म्हणणं आहे?’ ‘साहेब, जमीन द्यायची नाही.’ खाली एका ओळीत टिपण पडायचं : हरकतदार हजर, म्हणणे ऐकले, प्रकल्प सार्वजनिक हिताचा, सबब हरकत अमान्य. सही, शिक्का. माणूस विचारायचा, ‘वकीलसाहेब, म्हणजे काय झालं?’ म्हणजे ऐकलं. एवढंच झालं. कलम १७ लावून तातडी दाखवली की तेही ऐकायची गरज उरायची नाही. आणि ‘तिथे जायलाच नको होतं’ याचंही आमच्याकडचं रूप आहे. मोबदल्यासाठी रातोरात आंब्याची रोपं लावली, बुडितात मुद्दाम घर बांधलं, हा आरोप खऱ्या-खोट्या सगळ्यांवर सारखाच होतो. घर साठ वर्षांचं असलं तरी.

गाव स्वतःहून उठेना, तेव्हा पिकार्डचा सुरक्षा अधिकारी वॉर्फ याला गुपचूप मोजमाप घ्यायला पाठवलं. कशासाठी, तर ट्रान्सपोर्टरने, म्हणजे माणसाला क्षणात एका जागेहून दुसरीकडे नेणाऱ्या यंत्राने, माणसं झोपेतून उचलल्यासारखी उचलून यानात आणता यावीत. आमच्याकडे निदान पोलीस गाडीतून यावे लागतात, गावाला चाहूल लागते. वेस्ली क्रशर नावाच्या पोराने ते गावकऱ्यांना सांगितलं म्हणून त्यांना कळलं. पिकार्ड हा भला माणूस, त्याला लाज वाटत होती. त्याचा एक पूर्वज १६८० च्या प्युब्लो उठावानंतर स्पॅनिशांच्या बाजूने त्या लोकांना चिरडण्यात सामील होता, हेही त्याला गावच्या म्हाताऱ्याने ऐकवलं. शेवट काय झाला? गावकऱ्यांनी महासंघाचं नागरिकत्व सोडून दिलं आणि कार्डेशियनांच्या सत्तेखाली तिथेच राहिले. मालिकेने तो समेट म्हणून दाखवला. मला तो समेट वाटत नाही. नागरिकाने जमीन राखायची असेल तर नागरिकत्व टाकायचं, अशी निवड ज्या राज्यात करावी लागते त्या राज्याने चूक केलेली असते.

इथे एक खरा दाखला देतो. १९५८ मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोझ खान नून यांनी करार केला आणि त्यात पश्चिम बंगालच्या जलपाइगुडी जिल्ह्यातल्या बेरुबारीचा अर्धा भाग तिकडे द्यायचं ठरलं. आरडाओरड झाली. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. १९६० मध्ये न्यायालयाने सांगितलं की पंतप्रधानाची सही पुरत नाही, संसदेचा साधा कायदाही पुरत नाही. देशाचा भूभाग परक्या देशाला द्यायचा तर संविधान दुरुस्त करावं लागेल. त्यासाठी त्याच वर्षी नववी घटनादुरुस्ती झाली. बेरुबारी हा नकाशावर शोधावा लागतो एवढा तुकडा. तरी त्यासाठी देशाला आपल्या सर्वांत मोठ्या पुस्तकाचं पान उघडावं लागलं. डोर्व्हानसारखे ग्रहच्या ग्रह द्यायला तुम्हाला काय उघडावं लागलं, ते मला कळवावं.

आमचं सगळं सोन्याचं आहे असा दावा नाही. कच्चातीवू बेट १९७४ च्या करारात श्रीलंकेकडे गेलं, तेव्हा ‘तो वादातलाच भाग होता, दिलं असं काही नाही’ म्हणून घटनादुरुस्ती टाळली गेली. तमिळनाडूत तो विषय आजही निघतो. बांगलादेशाशी एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या वस्त्यांच्या अदलाबदलीचा करार १९७४ चाच, पण तो पुरा व्हायला २०१५ उजाडलं. शंभरावी घटनादुरुस्ती झाली आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री भारताच्या १११ आणि बांगलादेशाच्या ५१ वस्त्या एकमेकांकडे गेल्या. एकेचाळीस वर्षं त्या माणसांना ना शाळा, ना रेशनकार्ड. ती लाज आमची. पण अदलाबदल झाली तेव्हा प्रत्येकाला विचारलं गेलं : इथे राहून तिकडचे होता, की इकडचेच राहून या बाजूला येता? डोर्व्हानवाल्यांना हा प्रश्न कुणी आपणहून विचारला नाही, तो त्यांनी भांडून काढला. रेषा दुसरीकडे बसून आखली की काय होतं हे बेळगावच्या मराठी माणसाला विचारा. १९५६ पासून तो सांगतो आहे, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात अजून तारखा पडताहेत. पण तारखा पडताहेत म्हणजे जायला एक दार तरी आहे. डोर्व्हानला ते नव्हतं.

दार नसलं की माणूस काय करतो हेही तुम्ही पाहिलंत. त्याच तहातल्या वसाहतींमधून ‘माकी’ उभे राहिले. शेतकरी, शिक्षक, आणि तुमचेच राजीनामा दिलेले अधिकारी. बेजोरच्या दारात जात अडवणारा तो सिस्को आठवा. त्याच्याच स्थानकावरचा सुरक्षा अधिकारी मायकेल एडिंग्टन माकींना जाऊन मिळाला, आणि त्याला पकडण्यासाठी सिस्कोने १९९७ च्या एका भागात काय केलं? सोलोसोस-३ या माकींच्या वस्तीच्या वातावरणात विषारी द्रव्य सोडलं. पन्नास वर्षं माणूस तिथे राहू शकणार नाही असं. वरिष्ठांची परवानगी न घेता. माणसं जीव घेऊन निघाली, एडिंग्टन शरण आला. माकींनी आधी कार्डेशियन वस्त्यांवर विष सोडलं होतं, हे खरं आहे, आणि ते मी लपवणार नाही. पण एखाद्या टोळीने केलेला गुन्हा आणि गणवेशातल्या अधिकाऱ्याने केलेला तोच गुन्हा, यात कायद्याने फरक करायचा असतो. दुसऱ्याची चौकशी व्हायची असते. सिस्कोची झाली नाही. तो आपल्या कामावर परत गेला.

आणीबाणीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथेही दुखणं तेच आहे. २३७२ साली अँटवर्प शहरातल्या एका राजनैतिक बैठकीत स्फोट होऊन २७ माणसं गेली. राष्ट्राध्यक्ष जारेश-इन्यो हे सज्जन गृहस्थ, पद मागायला गेलेले नव्हते. ऍडमिरल लेटनच्या लोकांनी पृथ्वीची वीज घालवली, ते शत्रूचं काम आहे असं भासवलं, आणि राष्ट्राध्यक्षांनी दोघा-तिघा गणवेशधाऱ्यांसमोर आणीबाणी पुकारली. रस्त्यावर सैनिक, रक्ताच्या तपासण्या. परिषदेला विचारलं का? दिसलं नाही. आम्ही यातून गेलो आहोत. २५ जून १९७५ च्या रात्री सही झाली आणि मंत्रिमंडळाला सकाळी कळलं. म्हणून १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने अट घातली की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही. तुमच्याकडे लेटनचा डाव सिस्कोने उधळला. पुन्हा सिस्कोच. एकदा तो सनद राखतो, एकदा ग्रह नासवतो, आणि दोन्ही वेळा त्याला विचारणारा कुणी नाही.

तुमचं सगळं राज्य ‘साहेब चांगले आहेत’ यावर चाललं आहे. ऊनाला पाईक भेटला, डोर्व्हानला पिकार्ड भेटला, पृथ्वीला सिस्को भेटला. आमच्या कचेऱ्यांमध्येही हे वाक्य रोज ऐकू येतं. ‘नवे साहेब चांगले आहेत, करून घ्या काम, सहा महिन्यांत बदली होईल.’ लोक धावाधाव करतात, कारण काम कायद्याने नाही, साहेबाने होणार आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं. आणि साहेब खरोखरच चांगले असतात हो. अशा दोघातिघांमुळे माझ्या पक्षकारांना जमिनी मिळाल्या आहेत, त्यांचे फोटो घरात लावलेले मी पाहिले आहेत. पण त्याच गावातल्या, त्याच धरणाच्या, त्याच गटातल्या दुसऱ्या माणसाची फाईल पुढच्या साहेबाकडे गेली आणि तो अजून पत्र्याच्या शेडमध्ये आहे. कोयनेचं धरण होताना महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो पहिल्यांदा १९७६ मध्ये आला. कोयनेचे लोक आजही आंदोलनाला बसतात. त्या वेळचे साहेब वाईट होते असं कुणी म्हणत नाही. कलम नव्हतं.

तुमच्या बाजूने एक जोरदार युक्तिवाद होऊ शकतो आणि तो माझ्याच माणसाच्या तोंडचा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले होते की संविधान कितीही चांगलं असलं तरी ते राबवणारे वाईट निघाले तर ते वाईट ठरेल, आणि राबवणारे चांगले असतील तर वाईट संविधानही चांगलं ठरेल. तुमच्याकडे तर माणसं चांगलीच आहेत. भूक नाही, पैसा नाही, लाच कशाची घेणार? मग कलमांचा आग्रह कशाला? तर त्याच भाषणात त्यांनी पुढे हेही बजावलं की माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. दोन्ही वाक्यं एकाच माणसाने एकाच दिवशी म्हटली, आणि ती एकत्रच वाचायची आहेत. चांगला माणूस लागतोच. पण तो नसेल त्या दिवसासाठी नागरिकाच्या हातात काहीतरी असलं पाहिजे.

आमच्या तीस-चाळीस वर्षांच्या भांडणातून मला एक शिकायला मिळालं आहे. मोबदला किती, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं की नाही म्हणायचा हक्क आहे का आणि नाही म्हटलं तर पुढचा माणूस कारण लिहून द्यायला बांधील आहे का. २०१३ च्या आमच्या नव्या कायद्यात खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के, आणि सरकारी-खासगी भागीदारीतल्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधितांची संमती लागते. सरकारने स्वतःच्या कामासाठी घेतली तर लागत नाही, ही त्यातली पळवाट. तुमच्या सनदेत ती पळवाट ठेवू नका एवढीच विनंती. वसाहत ही सभासद-ग्रह नाही, म्हणून तिला परिषदेत मत नाही, असं असेल तर तेही बदला. आमच्या लक्षद्वीपची लोकसंख्या एखाद्या तालुक्याएवढीही नाही, तरी लोकसभेत त्यांचा खासदार बसतो.

माकींवरचे खटले मागे घ्या असं मी म्हणत नाही, ज्यांनी माणसं मारली त्यांनी उत्तर द्यावं. सोलोसोसची चौकशी मात्र नागरी न्यायाधीशाकडून करा, स्टारफ्लीटच्या माणसाकडून नको. जनुकीय बदलाचा कायदा नवीन बदल करणाऱ्या डॉक्टरांपुरता ठेवा. ज्याच्यावर बदल झाला त्याला कुठल्याही नोकरीतून वगळता कामा नये, नाहीतर बेजोरला सांगितलेलं कलम तिथून पुसून टाका. आणि डोर्व्हानच्या लोकांना त्यांचं नागरिकत्व, त्यांनी मागितलं तर, कोणतीही अट न घालता परत द्या.

दुरुस्तीचा मसुदा खाली देतो. भाषा आमच्या कोर्टाची आहे, तुमच्या वकिलांनी हवी तशी सुधारून घ्यावी.

“(१) महासंघाचा कोणताही भूभाग, ग्रह, उपग्रह वा वसाहत, ती सभासद असो वा नसो, सनदेत दुरुस्ती केल्यावाचून व तेथील प्रौढ रहिवाशांच्या मतदानात बहुमत मिळाल्यावाचून कोणत्याही परकीय सत्तेस देता येणार नाही.

(२) अशा प्रत्येक रहिवाशास नागरिकत्व कायम ठेवण्याचा, व ते ठेवून महासंघात अन्यत्र समान दर्जाची जमीन मिळण्याचा हक्क राहील. जमिनीचा ताबा मिळेपर्यंत त्यास मूळ जागेवरून हलवता येणार नाही.

(३) कोणाचीही हरकत फेटाळताना तिची कारणे लेखी व हरकतदारास समजेल अशा भाषेत द्यावी लागतील, आणि त्याविरुद्ध स्टारफ्लीटच्या अधीन नसलेल्या न्यायालयात अपील करता येईल.

(४) पोटकलम (१) ते (३) यांखालील कोणताही हक्क यानाच्या कॅप्टनच्या मर्जीवर अवलंबून असणार नाही.”

आपला विश्वासू,
एक तालुका वकील
सातारा जिल्हा, महाराष्ट्र